कुलमुखत्याराच्या हातातला शिक्का

संगणकाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की बहुतेकांचे लक्ष बाहेरच्या दाराकडे जाते: पासवर्ड पुरेसा अवघड आहे की नाही, अनोळखी ईमेल उघडली गेली का, ओटीपी कोणाला सांगितला गेला का. हे दार महत्त्वाचे आहेच. परंतु नुकसान किती मोठे होणार हे बहुधा उंबरठा ओलांडल्यानंतर, आतल्या एका दुसऱ्याच दारापाशी ठरते. साध्या, मोजक्या अधिकारांच्या खात्यातून आत आलेली व्यक्ती किंवा आत घुसलेला प्रोग्रॅम त्याच यंत्रावरील एखाद्या चुकीचा फायदा घेऊन साऱ्या यंत्राचा धनी होऊन बसतो, तेव्हा त्या प्रकाराला ‘स्थानिक अधिकारवृद्धी’ म्हणतात, आणि ज्या चुकीमुळे ते साधते तिला अधिकारवृद्धीचा सुरक्षादोष. यातला ‘स्थानिक’ हा शब्द फसवा आहे. हल्लेखोराला आधी त्या यंत्रावर पाय टेकावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. ऐकणाऱ्याला मात्र तो ‘किरकोळ’ असा ऐकू येतो, आणि दुरुस्तीच्या यादीत असे दोष मागे मागे सरकत जातात.

आतल्या दाराचे मोल हैदराबादला एकदा फार महाग पडून कळले आहे. जानेवारी २०२२ मधील एका शनिवार-रविवारच्या सुमारास त्या शहरातील ए. पी. महेश को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेतून १२.४८ कोटी रुपये परस्पर लांबवण्यात आले. हैदराबाद पोलिसांनी तपासाअंती जो क्रम मांडला, तो असा: नोव्हेंबर २०२१ मध्ये बँकेच्या कर्मचाऱ्यांना सुमारे २०० फसव्या ईमेल पाठवण्यात आल्या, त्यांपैकी दोन कर्मचाऱ्यांनी त्या उघडल्या, आणि त्यांच्या संगणकांवर दुरून ताबा मिळवून देणारा, ‘रिमोट ॲक्सेस ट्रोजन’ या जातीचा प्रोग्रॅम येऊन बसला. चोरी झाली ती त्यानंतर दोन महिन्यांनी. या दोन महिन्यांत आत शिरलेल्यांची मजल दोन साध्या कर्मचाऱ्यांच्या खात्यांपासून बँकेच्या मुख्य प्रणालीतील ‘सुपर यूजर’पर्यंत, म्हणजे कोणत्याही खात्यातील शिल्लक व मर्यादा बदलू शकणाऱ्या अधिकारापर्यंत गेली. मग मोजक्या खात्यांत फुगवलेली रक्कम तिथून शंभराहून अधिक खात्यांत पांगवली गेली आणि एटीएममधून काढली गेली. बँकेत असे सुपर यूजर दहा होते आणि त्यांतील काहींचा पासवर्ड एकच होता, असेही पोलिसांनी सांगितले. रिझर्व्ह बँकेने पुढे २०२३ मध्ये या बँकेला ६५ लाख रुपयांचा दंड केला.

येथे वर चढण्याची शिडी कोणा प्रोग्रॅमरच्या चुकीने नव्हे, तर कारभारातल्या ढिलाईने उभी राहिली होती. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेल्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट घालून दिली होती आणि कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर प्रशासकीय अधिकार देऊ नयेत असे तीत सांगितले होते. हा नियम कितीही काटेकोरपणे पाळला, तरी एक वाट उरतेच, कारण प्रशासकीय अधिकार माणसाकडून काढून घेता येतात, पण त्या माणसाची रोजची कामे करून देणाऱ्या प्रोग्रॅमकडून ते काढून घेता येत नाहीत.

हे नीट समजण्यासाठी संगणकातील अधिकारांची मूळ रचना पाहावी लागते. लिनक्स किंवा त्याचा पूर्वज युनिक्स यांत प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो, आणि शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याला, ज्याला ‘रूट’ म्हणतात, कोणतीही आडकाठी नसते. बाकीच्यांना स्वतःच्या फाइलींपुरता अधिकार. परंतु साध्या वापरकर्त्यालाही अधूनमधून रूटचे काम पडते: स्वतःचा पासवर्ड बदलायचा, तर ज्या फाइलीत सर्वांचे पासवर्ड जपलेले असतात, तिच्यात लिहावे लागते. ही अडचण बेल लॅब्जमधील डेनिस रिची यांनी सोडवली. एखाद्या प्रोग्रॅमच्या फाइलीवर एक विशिष्ट खूण उमटवली, की तो प्रोग्रॅम कोणीही चालवला तरी चालवणाऱ्याच्या नव्हे, तर फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. या खुणेला ‘सेट-यूआयडी’ म्हणतात, आणि रिची यांना तिचे अमेरिकी पेटंट १९७९ मध्ये मिळाले. मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये, कारण हे सरळसरळ कुलमुखत्यारपत्र आहे. मालक हजर नसतो, त्याचा शिक्का मुखत्याराच्या हातात असतो, आणि मुखत्यार तो फक्त ठरलेल्या कामासाठी, नीट पाहून उमटवील, या भरवशावर सारा व्यवहार चालतो.

टेबलावरच्या संगणकाला जोडलेली उपकरणे सांभाळणारे सॉफ्टवेअर हा अशाच मुखत्यारांपैकी एक. पेनड्राइव्ह खोचला की त्याचे चिन्ह पडद्यावर उमटते, त्यातील फाइली उघडतात, काम झाले की तो सुरक्षितपणे बाहेर काढता येतो. यामागचे डिस्क जोडण्या-सोडण्याचे काम साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात बसत नाही. लिनक्सच्या बहुतेक प्रचलित आवृत्त्यांत ही कामे ‘यूडिस्क्स’ नावाची सेवा करते. ती पार्श्वभूमीवर रूटच्या अधिकाराने चालू असते, वापरकर्त्याची विनंती ऐकते, ती मान्य करावी की नाही हे ‘पोलकिट’ या नियमपालाला विचारते, आणि होकार आला की काम उरकते. पोलकिटच्या नियमांत एक समंजस सवलत आहे: जो माणूस प्रत्यक्ष यंत्रासमोर बसला आहे, त्याला पेनड्राइव्हसारख्या कामांसाठी दरवेळी प्रशासकाचा पासवर्ड विचारायचा नाही.

या सेवेतील एक सुरक्षादोष क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी १७ जून २०२५ रोजी जाहीर केला. सीव्हीई-२०२५-६०१९ हा त्याचा नोंदणी क्रमांक. क्वालिस मूळची अमेरिकी असली, तरी तिचे मोठे केंद्र पुण्यात आहे. उबुंटू, डेबियन, फेडोरा आणि ओपनसुसे या चारही प्रणालींवर हल्ला साधतो, हे संशोधकांनी करून पाहिले होते.

दोषाची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण तीत एकही वेडगळ चूक नाही. पेनड्राइव्हवर कोणी सेट-यूआयडीची खूण असलेला, रूटच्या नावाचा प्रोग्रॅम ठेवून आणला, तर तो चालवताच आणणारा रूट होईल, हा धोका जुना आणि सर्वांना माहीत असलेला. म्हणून वापरकर्त्याने आणलेली कोणतीही डिस्क यंत्राला जोडून घेताना, म्हणजे ‘माउंट’ करताना, तिला ‘नोसुइड’ आणि ‘नोडेव्ह’ या दोन अटी घालतात. नोसुइडचा अर्थ, या डिस्कवरची मुखत्यारपत्रे येथे चालणार नाहीत. नोडेव्हचा अर्थ, या डिस्कवरच्या फाइलींना यंत्राची उपकरणे म्हणून वागवले जाणार नाही. यूडिस्क्स हा नियम पाळत होते. मात्र डिस्कवरची प्रत्यक्ष कामे ते स्वतः करत नाही, ‘लिबब्लॉकडेव्ह’ नावाच्या लायब्ररीकडून करवून घेते, आणि त्या लायब्ररीत एक आडवळणाचे काम होते: ‘एक्सएफएस’ पद्धतीच्या डिस्कचा आकार वाढवणे. एक्सएफएसचा आकार ती माउंट असतानाच वाढवता येतो. त्यामुळे डिस्क माउंट नसेल, तर लायब्ररी ती क्षणभर एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये स्वतःच माउंट करी, आकार वाढवी आणि लगेच सोडून देई. क्षणाचे काम आणि तेही स्वतःपुरते, म्हणून त्या माउंटला नोसुइड आणि नोडेव्ह लावायचे राहून गेले.

हल्लेखोराला तो क्षण पुरतो. तो स्वतःच्या दुसऱ्या यंत्रावर, जिथे तो हक्काचा रूट आहे, एक्सएफएसची एक प्रतिमा-फाइल बनवतो आणि तिच्यात रूटच्या नावाचा, सेट-यूआयडी खुणेचा आज्ञा-प्रोग्रॅम ठेवतो. ती फाइल लक्ष्य यंत्रावर आणतो, यूडिस्क्सला ती आभासी डिस्क म्हणून जोडायला सांगतो आणि मग तिचा आकार वाढवण्याची विनंती करतो. समोर बसलेल्या माणसाची विनंती म्हणून पोलकिट होकार देते. लायब्ररी माउंट करते, तेवढ्यात हल्लेखोराचा दुसरा प्रोग्रॅम त्या फोल्डरमध्ये ठाण मांडतो, आणि डिस्क वापरात असल्यामुळे लायब्ररीला ती सोडता येत नाही. आता क्षणभराचे माउंट कायम झाले. त्यातला तो प्रोग्रॅम चालवला की चालवणारा रूट.

समोर बसण्याची अट ही तरी अडचण होती. पण सुसे आणि ओपनसुसेच्या १५ क्रमांकाच्या आवृत्त्यांत तीही उरली नव्हती. त्याच दिवशी जाहीर झालेला जोडदोष, सीव्हीई-२०२५-६०१८, लॉगइनच्या मांडणीतला होता. दुरून जोडलेला वापरकर्ता आपल्या घरच्या फोल्डरमधील एका साध्या फाइलीत दोन ओळी लिहून ‘मी यंत्रासमोरच बसलो आहे’ असे प्रणालीला पटवू शके. दोन्ही दोष एकत्र आले, की ‘स्थानिक’ या शब्दात काही उरत नाही.

मुखत्याराच्या अशा फसगतीला संगणकशास्त्रात जुने नाव आहे. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये एका लेखात एका कंपायलरची हकिकत नोंदवली होती. आपल्या वापराची आकडेवारी लिहिता यावी म्हणून त्या कंपायलरला एका राखीव फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार दिलेला होता, आणि त्याच फोल्डरमध्ये बिलांची फाइल होती. एका वापरकर्त्याने आपली माहिती लिहिण्यासाठी त्या बिलांच्या फाइलीचेच नाव दिले, कंपायलरने निमूटपणे तीवर लिहिले, आणि बिले पुसली गेली. वापरकर्त्याला ती फाइल बदलण्याचा अधिकार नव्हता, कंपायलरला होता, आणि आपण या घडीला कोणाच्या वतीने लिहीत आहोत हे त्याला कळण्याची सोय नव्हती. हार्डी यांनी त्याला ‘गोंधळलेला प्रतिनिधी’ म्हटले. यूडिस्क्सचे वेगळे काही झालेले नाही. विनंती कोण करतो आहे हे त्याने तपासले, त्याने सोबत काय आणले आहे याची खबरदारी एका ठिकाणी सुटली.

हे केवळ लिनक्सचे दुखणे नाही. डेल कंपनीच्या संगणकांवर फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या हार्डवेअरमध्येच मुरवलेले सॉफ्टवेअर, अद्ययावत करण्यासाठी विंडोजमध्ये एक ड्रायव्हर बसवला जाई. त्यातील दोष मे २०२१ मध्ये उघड झाले, तेव्हा ते २००९ पासून, बारा वर्षे, कोट्यवधी यंत्रांवर पडून होते. लाझारस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळीने त्याच वर्षी नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये तो ड्रायव्हर स्वतःसोबत नेऊन वापरल्याचे ईसेट कंपनीने पुढे दाखवून दिले. महेश बँकेतील चोरी झाली त्याच महिन्यात, २५ जानेवारी २०२२ रोजी, पोलकिटच्याच ‘पीकेएक्झेक’ या साधनातील दोष जाहीर झाला. तोही मे २००९ पासूनचा. त्याचा बँकेच्या प्रकरणाशी संबंध नाही, पण या जातीच्या चुका किती काळ कोणाच्या नजरेस न पडता राहतात, हे त्यातून कळते.

यूडिस्क्सच्या दोषाची दुरुस्ती लहानशी होती: लायब्ररीच्या त्या क्षणभराच्या माउंटला नोसुइड आणि नोडेव्ह हे दोन शब्द जोडणे. नवी आवृत्ती येईपर्यंत पोलकिटच्या संबंधित नियमात बदल करून उपकरणात फेरफार करण्याआधी प्रशासकाचा पासवर्ड मागावा, हा तात्पुरता उपायही संशोधकांनी सुचवला होता.

हैदराबादमध्ये हा प्रश्न कोणाच्या टेबलावर येतो, हे पाहिले पाहिजे. तेलुगू भाषेतील लिनक्स घडवणारी आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ चालवणारी ‘स्वेच्छा’ ही संस्था याच शहरातली, आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत लिनक्स येणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण प्रयोगशाळेतील संगणक हा या दोषासाठी जणू बेतून ठेवलेला असतो: एकाच यंत्रासमोर दिवसभरात अनेक विद्यार्थी बसतात, प्रत्येकाच्या खिशात पेनड्राइव्ह असतो, आणि पोलकिटच्या दृष्टीने त्यांतला प्रत्येक जण ‘समोर बसलेला’ असतो. शिवाय अशा ठिकाणी वर्षाच्या सुरुवातीला एका यंत्रावर सारे बसवून त्याची नक्कल उरलेल्या यंत्रांवर उतरवण्याची पद्धत असते, आणि परीक्षेत व्यत्यय नको म्हणून अद्ययावतीकरण बंद ठेवले जाते. ती मूळ नक्कल जून २०२५ पूर्वीची असेल, तर पुढच्या प्रत्येक तुकडीसमोर येणाऱ्या यंत्रात त्या दोन शब्दांची जागा रिकामीच असते.