ग्रेगोरियन गायनातील स्वरसूत्रे

ग्रेगोरियन गायनातील सुरावटी 'रचल्या' गेल्या, असे नेमके कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? हा प्रश्न उद्भवतो, कारण 'ट्रॅक्ट' आणि 'ग्रॅज्युअल' या गीतप्रकारांत तेच स्वरसमूह निरनिराळ्या गीतांत, निरनिराळ्या शब्दांवर पुनःपुन्हा येतात. त्यांस येथे स्वरसूत्रे म्हटले आहे.

दुसऱ्या मोडमधील ट्रॅक्ट पाहावेत. झावळ्यांच्या रविवारचे 'देउस, देउस मेउस' हे त्यांतील एक प्रदीर्घ गीत. त्याचे शब्द व्हल्गेटमधील २१ व्या स्तोत्राचे. स्तोत्राच्या चरणाचे मुळातच दोन अर्ध असतात. ट्रॅक्टमध्ये प्रत्येक अर्धाचे पुन्हा दोन खंड पडतात आणि या चार खंडांचे न्यासस्वर सामान्यतः अनुक्रमे डी, सी, एफ व डी असे येतात. अक्षरे वाढली तर एका स्वरावरील पठण लांबते. न्यासाकडे नेणारी संगती बहुधा तशीच राहते. आपल्या वाचकांस येथे रागाची पकड आठवेल, परंतु हे साम्य फार ताणू नये. पकड रागाची ओळख पटविते. हे सूत्र मात्र वाक्यातील विरामाशी बांधलेले असते.

फेर्रेत्ती यांनी १९३४ मध्ये या प्रक्रियेस 'सेंतो' या लॅटिन शब्दावरून नाव दिले. सेंतो म्हणजे तुकडे जोडून शिवलेली गोधडी. विली एपल यांनी १९५८ च्या ग्रंथात अशा तुकड्यांची कोष्टकेच मांडली. लिओ ट्राइटलर यांनी १९७४ मध्ये या कल्पनेवरच आक्षेप घेतला. गोधडी शिवणाऱ्यापुढे तुकडे आधीच कापलेले असतात. गायकाजवळ मात्र चरण कसा चालवावा याची स्मृतिगत जाण असते. मिल्मन पॅरी व अल्बर्ट लॉर्ड यांचे मौखिक महाकाव्यावरील संशोधन त्यांच्या विवेचनामागे होते. उलट केनेथ लेव्ही यांनी १९८७ मध्ये शार्लमेनच्या काळीच स्वरलेखनयुक्त मूळ प्रत अस्तित्वात असावी, असे प्रतिपादिले.

सांक्त गालेन ३५९ व लाँ २३९ ही दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील हस्तलिखिते दूरदूरच्या केंद्रांतील असूनही त्यांत लक्षणीय एकवाक्यता आढळते. लेव्हींच्या पक्षास ती पोषक वाटते खरी. पण तीवरून सुरावटी तोवर स्थिरावल्या होत्या एवढेच सिद्ध होते, त्या कशा घडल्या हे नव्हे. शिवाय सांक्त गालेनची चिन्हे स्वरांची नेमकी उंची दर्शवीत नाहीत. वर दिलेले न्यासस्वर आपण अकराव्या शतकापासूनच्या, उंची दर्शविणाऱ्या हस्तलिखितांच्या आधारेच वाचतो.