आशाच्या पिशवीतले बालवैद्यक

जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आतील बाळाला वैद्यकशास्त्र ‘नवजात’ म्हणते आणि दर १००० जिवंत जन्मांमागे या २८ दिवसांत दगावणाऱ्या बाळांच्या संख्येला नवजात मृत्युदर असे नाव आहे. यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी, केळापूर, मारेगाव किंवा घाटंजी तालुक्यातल्या कोलामांच्या पोडांवर, म्हणजे गावठाणापासून वेगळ्या वसलेल्या त्यांच्या वस्त्यांवर, बाळंतीण दवाखान्यातून घरी परतली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा स्वयंसेविकेने तिच्या घरी जावे, असा शासकीय नियम आहे. तिच्या पिशवीत तापमापक, बाळाला झोळीत घालून तोलण्याचा काटा, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि एक छापील तक्ता असतो. या सगळ्याला मिळून ‘घरोघरी नवजात बालकाची काळजी’ असे सरकारी नाव असले, तरी ही कार्यपद्धती कोणत्याही मंत्रालयात तयार झालेली नाही. यवतमाळच्या पूर्वेला चंद्रपूर आणि त्यापलीकडे गडचिरोली, इतक्याच अंतरावर ती १९९० च्या दशकात घडवली गेली.

तिचे जनक डॉ. अभय बंग रूढ अर्थाने बालरोगतज्ज्ञ नाहीत, आणि ही बाब त्यांच्या कामाच्या दृष्टीने गौण नाही. १९५० मध्ये वर्ध्यात जन्मलेले आणि सेवाग्रामच्या नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या वातावरणात वाढलेले बंग नागपूरला वैद्यक शिकले. मूळच्या चंद्रपूरच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांच्यासह ते अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८४ मध्ये परतले, आणि १९८६ पासून दोघांनी गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेमार्फत काम सुरू केले. तो जिल्हाच तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता, कारण चंद्रपूरपासून तो १९८२ मध्ये वेगळा झाला होता. गावातल्याच व्यक्तीला आरोग्याचे काम शिकवण्याची कल्पना त्यांनी प्रथम मांडली असे म्हणता येणार नाही; जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून ती रुजवली होती. बंग दाम्पत्याचे वेगळेपण असे की त्यांनी शुश्रूषा आणि मोजमाप एकमेकांपासून तोडले नाही, आणि शेजारच्या गावांशी तुलना करून सिद्ध झाल्याशिवाय कोणत्याही उपायाला उपाय म्हटले नाही.

पहिला प्रश्न न्यूमोनियाचा होता. लहान मुलाच्या छातीचा फोटो काढणे किंवा नळीने फुप्फुसे तपासणे खेड्यात शक्य नसते. पण पापुआ न्यू गिनीत काम करणारे बालरोगतज्ज्ञ फ्रँक शान यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले होते की खोकला झालेल्या मुलाचा श्वास मिनिटाला ठरावीक संख्येपेक्षा वेगाने चालत असेल, तर तेवढ्यावरूनही न्यूमोनियाचे निदान बऱ्याच भरवशाने करता येते. निदान असे श्वास मोजण्यावर आले. मात्र मोजणार कोण, हे शिल्लक राहिले. गावातली दाई, म्हणजे परंपरेने बाळंतपणे करणारी स्त्री, शेकडो बाळे हाताळलेली असली तरी पन्नासपर्यंत मोजण्याची तिला सवय नव्हती, आणि अशा स्त्रीला आधी अंक शिकवून मग वैद्यक शिकवणे म्हणजे पावसाळा संपल्यावर छप्पर शाकारण्यासारखे झाले असते.

यातून श्वासमापक नावाचे जे साधन निघाले, ते पाटीवरच्या मण्यांसारखे आहे. एका लहान चौकटीत एका मिनिटाची वाळूघडी आणि तारांवर ओवलेल्या मण्यांच्या दोन ओळी असतात: पहिली दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलासाठी, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच जलद असतो आणि त्याच्यासाठी धोक्याची रेषा मिनिटाला ६०, तर त्यानंतरच्या वयात या साधनात ५० धरली जाते. वाळूघडी उलटी करायची, बाळाचे पोट दहा वेळा वर आले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून दहापर्यंत मोजायचे. वाळू संपण्याआधी ओळीतला शेवटचा लाल मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. मोजणी दहाच्या पुढे कधी जातच नाही आणि साठ ही संख्या हाताळणारीला ठाऊक असण्याची गरज उरत नाही. आधुनिक वैद्यकातली उपकरणे सहसा तज्ज्ञाच्या हाताची ताकद वाढवण्यासाठी बनतात; तज्ज्ञाची गरजच काढून टाकण्यासाठी बनलेले हे साधन त्यामुळे दिसते त्यापेक्षा बरेच क्रांतिकारक आहे.

‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५८ गावांत लोकशिक्षण आणि को-ट्रायमोक्साझोल या स्वस्त प्रतिजैविकाचे उपचार, तर ४४ गावांत केवळ नेहमीची सरकारी सेवा, अशी तुलना केली असता उपचार झालेल्या मुलांपैकी ०.८ टक्के, तर तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेल्यांपैकी १३.५ टक्के मुले दगावली.

पण न्यूमोनियावर मात होऊ लागल्यावर उरलेले बहुतेक मृत्यू पहिल्या महिन्यातले होते, आणि त्या महिन्यातल्या बाळाला हात लावायला शिकलेला डॉक्टरही कचरत असे. बाळाला प्रत्यक्ष काय होते हे पाहण्यासाठी १९९५-९६ या एका वर्षात ३९ गावांतल्या ७६३ नवजातांचे घरी जाऊन निरीक्षण केले गेले, आणि बालवैद्यकाच्या इतिहासात त्या नोंदींचे मोल नंतरच्या यशापेक्षा कमी नाही, कारण रुग्णालयातल्या आकड्यांत हे मृत्यू कधी उतरलेच नव्हते. ९५ टक्के बाळे घरी जन्मली होती, ४२ टक्के अल्पवजनाची म्हणजे अडीच किलोंपेक्षा कमी भरलेली होती, निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज पडली होती आणि ती मिळाली होती २.६ टक्क्यांना. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचे नाही, बाळाला बाहेर काढायचे नाही, पहिला चीक पिळून टाकायचा, या रूढींना नावे ठेवणे सोपे असते; पण घराबाहेर न निघणाऱ्या बाळापर्यंत दवाखान्यानेच घरात जायला हवे, हा त्यांचा व्यवहारी अर्थ फार थोड्यांनी काढला.

पाचवी ते दहावीच्या दरम्यान शिक्षण झालेल्या गावातल्याच स्त्रिया निवडून त्यांना आरोग्यदूत असे नाव दिले गेले, आणि बालरोगतज्ज्ञाचे कसब सुटे करून त्याचा एकेक तुकडा त्यांच्या हाती सोपवला गेला. बाळ जन्मतः रडले नाही, म्हणजे श्वास कोंडला, तर आधी नळी-मुखवट्याने आणि पुढे फुगा-मुखवट्याने त्याच्या फुप्फुसात हवा भरणे. अल्पवजनाच्या बाळाला पिशवीसारख्या उबदार दुलईत ठेवणे. आईला छातीशी घ्यायला आणि पाजायला बसवणे, हे भाग तुलनेने सोपे होते. अवघड होता सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, ज्याचे निदान मोठ्या रुग्णालयात प्रयोगशाळेच्या अहवालावर करतात. इथे ते मोजक्या साध्या लक्षणांवर आणले गेले: रडणे क्षीण किंवा बंद होणे, हातपाय लुळे पडणे, चोखणे मंदावणे किंवा थांबणे, अंग गार लागणे किंवा बेंबीत पू होणे, उलट्या-जुलाब किंवा पोट फुगणे, कण्हणे किंवा छाती आत ओढली जाणे, आणि श्वास मिनिटाला साठपेक्षा जलद होणे. यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली, की आईवडिलांना दवाखान्यात जायला सांगायचे आणि ते जाऊ शकत नसतील, तर त्यांची संमती घेऊन बाळाच्या मांडीत जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायचे व तोंडाने को-ट्रायमोक्साझोल पाजायचे. यातले ‘मंदावणे’ आणि ‘क्षीण होणे’ हे शब्द महत्त्वाचे, कारण काल बाळ कसे रडत होते हे ठाऊक असल्याशिवाय आजचे रडणे क्षीण आहे की नाही ते कळत नाही. आणि ही माहिती आईला व तिच्या घरी पुन्हा पुन्हा येणाऱ्या शेजारणीला असते, बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या तज्ज्ञाला नसते.

गावातली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार, या कल्पनेने वैद्यकीय जगत अस्वस्थ झाले आणि ती अस्वस्थता केवळ व्यावसायिक मत्सरातून आलेली नव्हती. जेंटामायसिनची मात्रा चुकली तर मूत्रपिंडाला आणि कानाला इजा होते, मांडीतली सुई चुकीच्या जागी गेली तर नस दुखावते, आणि अशा चुकांची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर कायद्यात नव्हते. उत्तर शेवटी आकड्यांनी दिले. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी पूर्वी १६.६ टक्के दगावत, ते प्रमाण उपचारांनंतर २.८ टक्क्यांवर आले. ३९ गावांतला नवजात मृत्युदर, जो आधी ६२ होता, तिसऱ्या वर्षी २५.५ झाला, तर तुलनेच्या ४७ गावांत तो ५९.६ म्हणजे जवळपास होता तिथेच राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने पुढे महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी नोंदींत किती मोठ्या प्रमाणावर गळतात हे दाखवून दिले, तेव्हा विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे त्यावर वाद झाला.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजातांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने हे काम देशभरच्या आशा स्वयंसेविकांकडे दिले. यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण पैनगंगेच्या काठची वस्ती आणि जिल्ह्याचे ठिकाण यांतले अंतर पावसाळ्यात केवळ किलोमीटरमध्ये मोजता येत नाही, आणि म्हणून अशा जिल्ह्याला या निर्णयाचे महत्त्व शहरी जिल्ह्यांपेक्षा अधिक होते. सगळ्या भेटींचा मोबदला मिळून २५० रुपये ठरवला गेला. सहा भेटींत विभागल्यास एका भेटीला ४२ रुपयेही भरत नाहीत, आणि त्यात पोडापर्यंतची पायपीट धरलेली नाही.

मोबदल्यापेक्षा मोठी तूट मात्र पिशवीत आहे. गडचिरोलीत जे सिद्ध झाले ते भेट अधिक उपचार असे होते. देशाने स्वीकारले ते प्रामुख्याने भेट, समुपदेशन आणि दवाखान्यात पाठवणे. आशाने धोक्याची लक्षणे ओळखायची, पण इंजेक्शन द्यायचे नाही. पुढे जेंटामायसिनची मर्यादित मुभा मिळाली ती प्रशिक्षित परिचारिकेला, म्हणजे उपकेंद्रातल्या एएनएमला. दरम्यान परिस्थितीही पालटली: २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आल्यानंतर बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, जिल्हा रुग्णालयांत नवजातांसाठी विशेष कक्ष झाले, आणि १९९५ ची ३९ गावे आज जशीच्या तशी कुठेही सापडणार नाहीत. त्यामुळे सुई वगळण्याचा निर्णय सर्वस्वी चुकीचा ठरवता येत नाही. तरीही दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आलेले पावणेदोन किलोचे बाळ आठव्या दिवशी चोखायचे थांबते, तेव्हा ते पुन्हा घरातच असते. आणि जुलैतल्या रात्री नाल्याला पूर आला असेल, तर आशाच्या तक्त्यावर दोन लक्षणांपुढे खुणा होतात, आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकेला आणि एएनएमला फोन जातात, बाळ आईच्या छातीशी बांधले जाते आणि पाणी उतरण्याची वाट पाहिली जाते.