जीपच्या पुढच्या चाकांचा गेलेला जोर

पावसाळ्यात डोंगरातल्या कच्च्या वाटेवर अडकलेली जुनी जीप आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मागची चाके जागच्या जागी गरगरतात, चिखल उडतो आणि पुढची चाके मात्र स्वस्थ असतात. ही तर चारही चाकांना जोर देणारी गाडी; मग पुढच्या चाकांचा जोर गेला कुठे?

पुष्कळदा तो काढून टाकलेला असतो. ट्रान्स्फर केसमधून पुढच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट आधीच्या मालकाने उतरवून ठेवलेला असतो. डांबरी रस्त्यावर त्याची गरज पडत नाही आणि झिजलेल्या सांध्यांची खडखड व दुरुस्तीचा खर्च वाचतो. गाडी पुन्हा डोंगरात न्यायची, तर तो बसवावा लागतो.

त्याने काय साधते ते पाहू. जीपचे वजन १००० किलो आणि ओल्या मातीचा घर्षणांक ०.३ धरू. पाच मीटरला एक मीटर असा चढ चढण्यासाठी सुमारे २०० किलोभार बल लागते. निम्मे वजन मागच्या चाकांवर धरले, तर त्यांना जमिनीची पकड मिळते १५० किलोभार. इंजिन कितीही दणकट असले तरी चाके फिरतील, गाडी हलणार नाही. चारही चाके ओढू लागली की पकड ३०० किलोभार होते. चढावर थोडा भार मागे सरकतो, पण त्याने निष्कर्ष बदलत नाही. म्हणजे इंजिनाची शक्ती तीच राहिली, वाढली ती पकड.

मग शाफ्ट बसवला की काम झाले का? नाही. चारचाकी जोर लावला की या जीपचे पुढचे व मागचे शाफ्ट एकमेकांशी घट्ट जोडले जातात आणि दोघांचे फेरे सारखेच पडतात. म्हणून दोन्ही अ‍ॅक्सलमधील दात्यांचे प्रमाणही सारखे हवे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये ते ४.८८ होते, युद्धानंतरच्या सीजे-२ए जीपमध्ये ५.३८. जुन्या गाडीला दुरुस्तीत भलताच अ‍ॅक्सल बसलेला असू शकतो. समजा, मागे ४.८८ आणि पुढे ५.३८ आहे. शाफ्टच्या १०० फेऱ्यांत मागची चाके २०.५ वेळा फिरतील, पुढची १८.६ वेळा. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला, तर दर ४५ मीटरमागे ४ मीटरची तफावत पडते. चिखलात चाके घसरून ती भरून काढतात. कोरड्या रस्त्यावर मात्र सगळा ताण दात्यांवर व शाफ्टवर येतो आणि काहीतरी तुटते. पुढेमागे वेगळ्या मापाचे टायर असले तरी हेच घडते.

हे प्रमाण अ‍ॅक्सल न उघडता मोजता येते. मेकॅनिकच्या देखरेखीखाली एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाके उचलून भक्कम स्टँडवर ठेवावीत आणि जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावावेत. पुढच्या चाकांना लॉकिंग हब असल्यास ते लॉक करावेत. शाफ्ट मोकळा फिरेल असे पाहून त्याच्या टोकाला खडूने खूण करावी. एक चाक घट्ट धरून दुसऱ्याला २० फेरे द्यावेत. डिफरन्शियलमुळे शाफ्टचा वेग दोन चाकांच्या सरासरीवर ठरतो. म्हणून हे २० फेरे दहाच्या बरोबरीचे. शाफ्ट ४८.८ वेळा फिरला तर प्रमाण ४.८८, ५३.८ वेळा फिरला तर ५.३८. दुसऱ्या अ‍ॅक्सलवर हेच करावे. आकडे जुळले नाहीत, तर शाफ्ट बसवू नये.

आकडे जुळले, तरी कोरड्या पक्क्या रस्त्यावर हा जोर लावू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. दोन अ‍ॅक्सलमधील अंतर २ मीटर आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याची वळणत्रिज्या ५ मीटर असेल, तर पूर्ण वर्तुळात दोघांच्या वाटांमध्ये किती फरक पडेल? पायथागोरसचा सिद्धांत वापरून विद्यार्थ्यांना तो काढू द्यावा. उत्तर २.४ मीटरच्या आसपास येईल.