मुद्दलाला हात न लावता

१९४७ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या लॉ स्कूलच्या पदरात मॅकरोनीचा कारखाना पडला. कारखाना जर्सी सिटीतला, नाव सी. एफ. म्यूलर कंपनी, माल घरोघरी खपणारा. लॉ स्कूलच्या हितचिंतकांनी तो विकत घेतला आणि कागदोपत्री अशी रचना केली, की कंपनीचा सगळा नफा कायदा शिकवण्याच्या कामी यावा. शिक्षणसंस्थेला अमेरिकेत आयकर नाही, मग शिक्षणसंस्थेसाठी चालणाऱ्या कारखान्याला तरी तो का असावा, असा त्यांचा हिशेब. बाजारातल्या इतर मॅकरोनीवाल्यांना मात्र कर भरून त्याच दुकानांत त्याच भावानं माल विकायचा होता. त्यांनी ओरड केली. हे असंच चाललं तर देशातल्या सगळ्या शेवया उद्या विद्यापीठंच करतील, अशी चिंता काँग्रेसच्या समितीतही बोलून दाखवली गेली. १९५० मध्ये कायदा बदलला आणि धर्मादाय संस्थेनं आपल्या मूळ कामाशी संबंध नसलेला धंदा चालवला तर त्या उत्पन्नावर कर बसू लागला. आधीच्या वर्षांपुरता म्यूलर कंपनीनं पुढे कोर्टात खटला जिंकला, पण वाट बंद झाली ती झालीच. कारखाना १९७६ मध्ये साडेअकरा कोटी डॉलरना विकला गेला.

शेवयांची ही गोष्ट अमेरिकेतले कराचे वकील अजून चवीनं सांगतात. माझ्या मते त्यातला महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. १९५० च्या कायद्यानं व्याज, लाभांश, भाडं आणि शेअरच्या विक्रीतला नफा यांना मोकळं सोडलं. म्हणजे विद्यापीठानं कारखाना चालवला तर कर, आणि कारखान्याचे शेअर घेऊन स्वस्थ बसलं तर काही नाही. पुढची सदुसष्ट वर्षं अमेरिकी विद्यापीठांच्या तिजोऱ्या या सवलतीच्या सावलीत वाढल्या. २०२४ च्या जूनअखेरीस एकट्या हार्वर्डचा निधी ५३.२ अब्ज डॉलर होता. रुपयांत साडेचार लाख कोटींच्या आसपास, मुंबई महापालिकेच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाच्या सहापट.

या निधीला तिकडे एंडोमेंट म्हणतात. कल्पना मात्र अमेरिकेच्या कितीतरी आधीची. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यानं तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले: दोन हजार दरमहा शेकडा एकनं, एक हजार शेकडा पाऊणनं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं, त्यातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या कपड्यालत्त्याची सोय व्हायची. मुद्दल कायम, व्याजाचा हेतू ठरलेला, सांभाळणारा तिसराच, आणि अटी दगडावर कोरलेल्या. हार्वर्डच्या वित्त विभागात आज जे चालतं त्याचा सांगाडा याहून फार वेगळा नाही.

हार्वर्डची स्थापना १६३६ ची. १६४३ मध्ये लंडनच्या लेडी मोलसन, माहेरच्या अ‍ॅन रॅडक्लिफ, यांनी एका गरीब विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी शंभर पौंड दिले, ती तिथली पहिली शिष्यवृत्ती. येलच्या बाबतीत उलटं झालं. ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा माजी गव्हर्नर, खासगी व्यापारात गब्बर झालेला एलिहू येल यानं १७१८ मध्ये कनेक्टिकटच्या एका धडपडणाऱ्या कॉलेजला नऊ गाठी माल, ४१७ पुस्तकं आणि राजा पहिला जॉर्ज याचं चित्र पाठवलं. माल विकून ५६२ पौंड आले आणि इमारतीत खर्ची पडले. ठेव म्हणून काही उरलं नाही, पण नाव मात्र तीनशे वर्षं टिकलं. इतक्या स्वस्तात इतकी कीर्ती क्वचितच कुणाला मिळाली असेल.

एंडोमेंट म्हणजे एक मोठी तिजोरी आणि कुलपतींच्या हातात तिची किल्ली, असा समज आपल्याकडे आहे, तिकडच्या टीव्हीवरच्या चर्चांतही असतो. प्रत्यक्षात हार्वर्डचा निधी चौदा हजारांहून जास्त वेगवेगळ्या निधींची मोळी आहे. गुंतवणूक एकत्र होते, पण हिशेब ज्याचा त्याचा. कुणी संस्कृतच्या अध्यासनासाठी पैसे दिलेले असतात, कुणी कर्करोगाच्या संशोधनासाठी, कुणी अमुक गावातून येणाऱ्या मुलासाठी. सत्तर-ऐंशी टक्के रक्कम अशा अटींनी बांधलेली. वसतिगृहाचं छप्पर गळतं म्हणून अध्यासनाच्या पैशाला हात लावता येत नाही. अट सैल करायची तर देणगीदाराची संमती लागते, आणि तो हयात नसेल तर बहुधा कोर्टाची पायरी चढावी लागते. निधी कसा सांभाळावा याचा एक नमुना कायदा २००६ मध्ये तयार झाला. पेनसिल्व्हेनिया सोडून बाकी सगळ्या राज्यांनी तो स्वीकारला. एका वर्षात सात टक्क्यांहून जास्त काढलं तर तो अविवेक मानला जावा, अशी एक ऐच्छिक तरतूद त्यात आहे आणि काही राज्यांनी तीही घेतली.

मग वर्षाला काढायचं किती? साधारण साडेचार ते पाच टक्के. गुंतवणुकीनं आठ टक्के कमावले आणि महागाईनं तीन खाल्ले, तर उरलेले पाच खर्चून मुद्दलाची ताकद शाबूत राहते, असा त्यामागचा विचार. येलचेच नोबेल विजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स टोबिन यांनी १९७४ मध्ये त्याला तात्त्विक बैठक दिली. विश्वस्तांनी आजच्या विद्यार्थ्याइतकाच शंभर वर्षांनंतरच्या विद्यार्थ्याचाही विचार करावा, वर्तमानाच्या मागण्यांपासून भविष्याचं रक्षण करावं, असं त्यांचं म्हणणं. बाजाराच्या चढउताराबरोबर पगार आणि शिष्यवृत्त्या हेलकावू नयेत म्हणून येलच्या सूत्रात यंदाचा खर्च ठरवताना मागच्या वर्षीच्या खर्चाला ८० टक्के वजन असतं आणि निधीच्या बाजारभावाला फक्त २० टक्के.

पूर्वी हे पैसे सरकारी रोख्यांत आणि सुरक्षित शेअरमध्ये निवांत पडून असत. १९६९ मध्ये फोर्ड फाउंडेशननं दोन अहवाल काढून विद्यापीठांना सांगितलं, की तुम्ही फारच बिचकता, नुसतं व्याज-लाभांश मोजू नका, वाढीव किंमतही उत्पन्नात धरा आणि शेअर घ्या. सल्ला चांगला होता, मुहूर्त वाईट. लगेच सत्तरच्या दशकातली महागाई आणि कोसळलेला बाजार आला आणि ऐकणारे पोळले. खरा पालट येलमध्ये १९८५ नंतर झाला. वॉल स्ट्रीटवरची नोकरी आणि तिथला पगार सोडून डेव्हिड स्वेन्सन हा जेमतेम तिशीचा तरुण आपल्या गुरूंच्या, म्हणजे याच टोबिन यांच्या विद्यापीठात परतला. त्याचा तर्क असा: ज्या संस्थेला कायम जगायचं आहे तिला उद्या रोकड लागत नाही, तेव्हा रोज विकता येणाऱ्या गोष्टींसाठी जास्त किंमत का मोजायची? त्यानं पैसा प्रायव्हेट इक्विटी, व्हेंचर कॅपिटल, हेज फंड, जंगलं आणि जमिनी यांत नेला. तो आला तेव्हा निधी सव्वा अब्जाच्या आसपास होता, २०२१ मध्ये वारला त्याच्या आदल्या वर्षी ३१.२ अब्ज. मग सगळ्यांनीच त्याचा कित्ता गिरवला. स्वेन्सनची निवड कुणाकडेच नव्हती, ही गोष्ट बहुतेकांच्या उशिरा लक्षात आली.

या पद्धतीतली गोम २००८ मध्ये उघडी पडली. जून २००९ ला संपलेल्या आर्थिक वर्षात हार्वर्डच्या निधीनं २७.३ टक्के गमावले. जंगल विकून पगार देता येत नाही. व्याजदरांवर लावलेले डाव अंगाशी आले आणि त्यांतून सुटायला जवळजवळ पन्नास कोटी डॉलर मोजावे लागले. अडीच अब्ज डॉलरचे रोखे काढून कर्ज उभारलं गेलं, ऑल्स्टनमधल्या विज्ञानसंकुलाचं बांधकाम थांबलं, आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत विद्यापीठाच्या वसतिगृहांत सकाळची गरम न्याहारी बंद झाली.

इतकं वाचून अमेरिकेतलं उच्च शिक्षण पैशांत लोळतं असं वाटलं तर ते चूक ठरेल. २०२४ च्या पाहणीत ६५८ संस्थांचे निधी मिळून ८७३.७ अब्ज डॉलर भरले, पण मधल्या संस्थेकडे चोवीस-पंचवीस कोटीच होते. तिथले गरीब विद्यार्थी मोठ्या संख्येनं ज्या कम्युनिटी कॉलेजांत शिकतात, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे सांगण्यासारखा निधीच नाही. उलट टोकाला प्रिन्स्टनकडे दर विद्यार्थ्यामागे पस्तीस लाख डॉलरहून जास्त आहेत. अर्थात या पैशांतून काय होतं तेही सांगायला हवं. पाहणीतल्या संस्थांनी निधीतून काढलेल्या रकमेतला जवळजवळ निम्मा वाटा विद्यार्थ्यांच्या मदतीवर गेला. परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहता प्रवेश देणाऱ्या मूठभर संस्था, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, सगळ्या याच यादीतल्या. पुण्या-नागपूरहून पदवीसाठी तिकडे गेलेला आणि घरचं कर्ज न काढता शिकलेला एखादा मुलगा भेटला, तर त्याची फी बहुधा कुणा दिवंगत अमेरिकनानं भरलेली असते. किंवा मुंबईकरानं: कॉर्नेलला २००८ मध्ये टाटांच्या न्यासानं पाच कोटी डॉलर दिले, त्यांतले निम्मे भारतीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा कायम निधी म्हणून.

राग मात्र साचत होता. पहिला राग शेजाऱ्यांचा. न्यू हेवनसारख्या गावात येलच्या इमारतींना मालमत्ता कर नाही, आणि शाळा, पोलीस, अग्निशमन हे सारं त्याच करावर चालतं. येल स्वेच्छेनं काही रक्कम देत आलं, २०२१ मध्ये बऱ्याच रेट्यानंतर सहा वर्षांत साडेतेरा कोटी डॉलर द्यायला राजी झालं. दुसरा राग वॉशिंग्टनचा. सिनेटर चार्ल्स ग्रासली २००७ पासून विचारत होते, की खासगी फाउंडेशननं दरसाल पाच टक्के खर्च केलेच पाहिजेत असा कायदा आहे, तर विद्यापीठांना तो का नको? आपल्याकडे सार्वजनिक न्यासाला करसवलत टिकवायला उत्पन्नातले ८५ टक्के वापरावे लागतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला आगंतुक वाटणार नाही. तो रास्तच होता. कायदा झाला नाही, पण नुसत्या चौकशीच्या दडपणानं त्या हिवाळ्यात हार्वर्डसह अनेकांनी मदत वाढवली.

पुढे कायदा झाला तो भलताच. २०१७ च्या करसुधारणेत, किमान ५०० विद्यार्थी आणि दर विद्यार्थ्यामागे पाच लाख डॉलर असलेल्या खासगी संस्थांच्या निव्वळ गुंतवणूक उत्पन्नावर १.४ टक्के कर आला. केंटकीतलं बेरिया कॉलेज गरीब मुलांना एक पैसा फी न घेता शिकवतं. तेही यात सापडलं, कारण फी भरणारे विद्यार्थी मोजायचे हे शब्द सिनेटच्या नियमावलीत अडकून गळाले होते. सिनेटमधले तेव्हाचे बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल केंटकीचेच. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते शब्द परत आले. रक्कम तशी किरकोळ होती, २०२३ साठी ५६ संस्थांनी मिळून सुमारे ३८ कोटी डॉलर भरले.

४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यानं मात्र चित्र पालटलं. आता दर विद्यार्थ्यामागे पाच ते साडेसात लाख डॉलर असतील तर १.४ टक्के, वीस लाखांपर्यंत चार, त्यापुढे आठ. प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यात वरचा दर २१ होता. परदेशी विद्यार्थी मोजणीतून वगळायचं कलमही त्यात होतं. म्हणजे ज्या विद्यापीठात आपली मुलं जास्त, त्याचा दरडोई आकडा फुगणार आणि कर वाढणार. ते शेवटच्या कायद्यात राहिलं नाही. विद्यार्थ्यांची किमान संख्या मात्र ५०० वरून ३,००० झाली, त्यामुळे विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, पोमोना ही गडगंज पण लहान कॉलेजं अलगद सुटली. सरकारी विद्यापीठं आधीपासूनच बाहेर. पश्चिम टेक्सासमधल्या एकवीस लाख एकरांवर १९२३ मध्ये तेल लागलं, त्या जोरावर हार्वर्डच्या खालोखाल पोचलेल्या टेक्सास विद्यापीठाला शून्य कर.

दर पायरीपायरीनं चढत नाही, रेषा ओलांडली की सगळ्याच उत्पन्नाला वरचा दर लागतो. समजा चार अब्जांचं निव्वळ उत्पन्न झालं. जुन्या दरानं ५.६ कोटी, नव्यानं ३२ कोटी. इतक्या कोटींत अमुक शिष्यवृत्त्या, असा हिशेब विद्यापीठांचे प्रवक्ते मांडतात आणि तो भावनेला हात घालतो. माझी हरकत वेगळी आहे. साठेबाजी हा आरोप असेल, तर खर्च करणाऱ्याला सूट आणि दाबून ठेवणाऱ्याला दंड, असा कायदा हवा होता. इथे निधीतले सहा टक्के विद्यार्थ्यांवर उधळा किंवा दोन टक्क्यांवर हात आखडता घ्या, कराचा दर बदलत नाही. आलेला पैसा केंद्राच्या सामान्य तिजोरीत जातो, कम्युनिटी कॉलेजांसाठी त्यातला डॉलरही राखून ठेवलेला नाही. ग्रासलींच्या पाच टक्क्यांना विद्यापीठांनी दहा वर्षं विरोध केला नसता, तर कदाचित हा दिवस त्यांना दिसला नसता.

नवे दर ३१ डिसेंबर २०२५ नंतर सुरू होणाऱ्या करवर्षांना लागू आहेत. बहुतेक विद्यापीठांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणजे त्यांच्या लेखी १ जुलै २०२६. कर विक्री झालेल्या नफ्यावर बसतो, कागदावरच्या वाढीवर नाही. तेव्हा जुने, फुगलेले शेअर ३० जून २०२६ पर्यंत विकले तर १.४ टक्के, दुसऱ्या दिवशी विकले तर आठपर्यंत.