माल रचण्याचे पॅलेट : विकत घ्यावे की भाड्याने?

पेण व रोहे तालुक्यांत भाताचे पोते थेट फरशीवर रचले, तर तळच्या थरास ओल लागते, बुरशी धरते आणि उंदरांसही आयता आसरा मिळतो. भात वाळवून त्यातील ओलावा शेकडा १४ च्या आत आणला, तरी फरशीची ओल हे श्रम वाया घालविते. म्हणून पोत्यांखाली लाकडी किंवा प्लॅस्टिकचे पॅलेट ठेवावे. पॅलेट म्हणजे फळ्या ठोकून केलेला बुटका मंच होय. त्याखालून हवा खेळते व माल उचलणेही सोपे जाते. पुष्कळ ठिकाणी १२०० × १००० मिलिमीटर हे माप वापरतात.

ही पॅलेट स्वतःची असावीत की भाड्याची, असा प्रश्न उत्पादक गटांपुढे येतो. भाड्याची पद्धत नवी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे ठेविलेली पॅलेट एकत्र करून ऑस्ट्रेलियात सरकारी साठा उभारण्यात आला व त्यातूनच आजचा जगभरचा भाड्याचा व्यवहार वाढला.

निर्णय करण्यापूर्वी वर्षाचा खर्च मांडावा. केवळ उदाहरणासाठी असे मानू की, एका पॅलेटची किंमत १२०० रुपये आहे, ते ५ वर्षे टिकते व शेवटी २०० रुपयांस विकले जाते. म्हणजे दरवर्षी २०० रुपये घसारा झाला. गुंतलेल्या सरासरी ७०० रुपयांवर शेकडा १२ दराने ८४ रुपये व्याज आणि ६६ रुपये दुरुस्ती धरली, तर एकूण खर्च ३५० रुपये होतो. भाडे रोज २ रुपये असल्यास १७५ दिवसांत तेवढीच रक्कम होते. वापर याहून कमी असेल तर भाडे परवडते; अधिक असेल तर मालकी परवडते. गाडीभाडे धरल्यास ही सीमा आणखी खाली येते. आपल्या गावचे खरे दर घालून हाच हिशेब करावा.

आता भात उत्पादकाचा विचार करू. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर त्यास सुमारे १०० दिवस पॅलेट लागते. भाडे २०० रुपये होते. विकत घेतल्यास दर पॅलेटमागे १५० रुपये व ४० पॅलेटमागे वर्षाला ६००० रुपये अधिक पडतात. पेणच्या गणेशमूर्ती कारखानदारास जूनपासून चतुर्थीपर्यंत, म्हणजे सुमारे ९० दिवस, मूर्ती ओलीपासून उंच ठेवाव्या लागतात. त्यासही एकट्याने खरेदी परवडत नाही.

परंतु या दोघांचे दिवस एकमेकांवर येत नाहीत. सहकारी संस्थेने पॅलेट घेऊन दोघांस आळीपाळीने दिली, तर वापर १९० दिवस होतो. दोघांचे मिळून ३८० रुपये भाडे जाण्याऐवजी ३५० रुपयांत काम भागते व दोन खेपांचे गाडीभाडेही वाचते. वेळेत पॅलेट परत न मिळाल्यास मात्र हा हिशेब कोलमडतो. यास्तव नोंदवही ठेवावी, प्रत्येक पॅलेटवर क्रमांक घालावा आणि परत करण्याची तारीख लेखी ठरवावी.

परदेशी जाणाऱ्या मालाची गोष्ट निराळी आहे. न्हावा शेवा बंदरातून गेलेले पॅलेट सहसा परत येत नाही. तेथे स्वस्त, एकदाच वापरावयाचे पॅलेट घेऊन त्याची किंमत मालाच्या दरात धरावी. मात्र कीड पसरू नये म्हणून निर्यातीच्या लाकडास आंतरराष्ट्रीय नियम लागू आहे. उष्णता देऊन प्रक्रिया करावयाची असल्यास लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटे द्यावी लागते व तसा शिक्का असावा लागतो. शिक्का नसल्यास माल अडकू शकतो.

भाड्याने घेताना चार बाबी लिहून घ्याव्यात : अनामत किती, मोडतोडीची भरपाई किती, भाडे कोणत्या दिवशी थांबते आणि पोहोच पावती कोण देतो. पावतीअभावी भाडे चढतच राहते.

शेवटी एक महत्त्वाची सूचना. रासायनिक कारखान्यातून आलेली जुनी पॅलेट स्वस्त मिळाली, तरी त्यांवर धान्य रचू नये. लाकडात मुरलेले रसायन धुऊन जाईलच असे नाही. स्वस्ताईच्या मोहाने घरच्या अन्नास धोका पोहोचविणे केव्हाही हिताचे नव्हे.