फ्लेम एंजलसोबत कोरल ब्यूटी? आधी टँक मोजा

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ शक्य तेवढे काढलेत.)

आज गप्पा बाजूला, थेट प्रश्न. एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. ‘दादा, माझा तीन फुटी रीफ टँक आहे, दीड वर्ष झालं. एक फ्लेम एंजल, दोन क्लाउनफिश, एक फायरफिश. कोरलमध्ये झोआ, हॅमर आणि लेदर. आता मला कोरल ब्यूटी आवडलाय. दुकानदार म्हणतो बिनधास्त टाका, दोन्ही छोटेच मासे आहेत. टाकू का?’

उत्तर आहे: नको टाकूस. आणि का नको, ते समजलं तर पुढचे दहा मासे निवडताना मला विचारावं लागणार नाही.

‘छोटा मासा’ या शब्दातच घोळ आहे. ड्वार्फ एंजल म्हणजे सेंट्रोपायजी या वंशातले मासे. फ्लेम, कोरल ब्यूटी, लेमनपील, बायकलर, चेरब ही सगळी त्यातलीच मंडळी. बहुतेक जण साधारण १० सेंटीमीटरच्या आसपास थांबतात. पण हा ‘ड्वार्फ’ शब्द त्यांच्या मोठ्या भावंडांच्या तुलनेत आहे. एम्परर एंजल ४० सेंटीमीटरपर्यंत जातो, त्याच्यापुढे हे बुटकेच. स्वभाव मात्र बुटका नाही. समुद्रात एक नर आणि त्याच्या काही माद्या असा संसार असतो. खडकांच्या कपारी, बोगदे असलेला काही मीटरचा भाग नर आपला मानतो, दिवसभर त्यात गस्त घालतो आणि दुसरा नर दिसला की हाकलतो. हाकललेला नर पळून जातो, कारण समुद्रात पळायला जागा असते.

आता आपला टँक बघ. तीन फुटी म्हणजे साधारण ९० बाय ४५ बाय ४५ सेंटीमीटर. गुणाकार केला तर १८२ लिटर. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली तर खरं पाणी १५० लिटरच्या आसपास. परदेशातले विक्रेते एकट्या फ्लेम एंजलसाठीच साधारण ७० गॅलन, म्हणजे २६५ लिटर सुचवतात. त्यामुळे तुझा फ्लेम आत्ताच वन बीएचकेमध्ये राहतोय. चांगले खडक आणि नियमित खाणं असेल तर तो तिथे नीट राहूही शकतो, मी लगेच काढ म्हणणार नाही. पण त्याच वन बीएचकेमध्ये तू दुसरा भाडेकरू आणतोयस, ज्याला तोच कोपरा, तीच कपार आणि तेच शेवाळ हवंय.

भांडण इथेच सुरू होतं. क्लाउनफिशशी एंजलचं फारसं काही अडत नाही, कारण त्यांचं खाणं-राहणं वेगळं. पण स्वतःसारखा आकार, स्वतःसारखी पोहण्याची ढब आणि त्याच शेवाळावर चोच मारणारा मासा दिसला की त्याच्या डोक्यात एकच अलर्ट वाजतो. जात वेगळी आहे, रंग वेगळा आहे, याने काही फरक पडत नाही. नवा मासा मग कोपऱ्यात पंपामागे लपतो, खायला बाहेर येत नाही, पर फाटतात, अंगावर पांढरे ठिपके उठतात. लोक म्हणतात ‘इच झाला’. इच झालाच, पण आधी त्याला जेवण मिळालं नव्हतं हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट गेली, चिलर बंद पडला, तर आणखी वाईट. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि पळणाऱ्या माशाला तोच जास्त लागतो.

‘पण यूट्यूबवर एकाने तीन ठेवलेत!’ हो, ठेवलेत. हे म्हणजे आमच्या ऑफिसातलं ‘माझ्या मशीनवर चालतंय’. त्याचा टँक सहा फुटी असेल, मासे एकाच दिवशी सोडले असतील, आणि व्हिडिओ तिसऱ्या आठवड्याचा असेल. सहा महिन्यांनंतरचा व्हिडिओ शोध.

आता दुसरा मुद्दा, जो श्रोत्याने विचारला नाही पण त्याच्याच टँकमध्ये बसलाय: कोरल. ड्वार्फ एंजलच्या नावापुढे ‘रीफ सेफ विथ कॉशन’ लिहिलेलं असतं. जाहिरातीत तळाला बारीक अक्षरात ‘अटी लागू’ असतं ना, अगदी तेच. हे मासे मुळात दिवसभर चरणारे. खडकावरचं पातळ शेवाळ, त्यात अडकलेला गाळ, बारीकसारीक जीव असं टिपत फिरतात. कोरलच्या अंगावरच्या चिकट थरातही असंच काहीबाही अडकलेलं असतं. मासा एकदा चोच मारून बघतो. चव आवडली की उद्या पुन्हा येतो. एका चाव्याने कोरल मरत नाही. पण रोज पंधरा वेळा टोचलं तर ते उघडतच नाही, उघडलं नाही तर प्रकाश मिळत नाही, आणि मग हळूहळू मांस सांगाड्यावरून मागे सरकायला लागतं.

कुणाला जास्त धोका? मांसल, फुगीर अंगाच्या कोरलला: ब्रेन, अकान, स्कोली. झोआ बऱ्याच एंजलना आवडतात. ट्रायडॅक्ना क्लॅमचा रंगीत काठ तर आमंत्रणच. हॅमर मध्ये कुठेतरी. लेदर आणि मशरूम सहसा वाचतात, कारण चवीला बेकार असावेत. माशांमध्ये लेमनपील आणि बायकलर यांची बदनामी जास्त, फ्लेम आणि कोरल ब्यूटी यांची कमी. पण हा जातीचा सरासरी स्वभाव झाला. तुझ्या टँकमधला मासा सरासरी नसतो, तो एकटा नमुना असतो. दोन वर्षं सज्जन राहिलेला फ्लेम अचानक झोआ कुरतडायला लागल्याची उदाहरणं हौशी लोकांकडे भरपूर आहेत. म्हणून माझा हिशेब सोपा: जे कोरल गेलं तर रडू येईल, ते एंजलच्या टँकमध्ये ठेवायचंच नाही.

भूक कमी ठेवली तर टोचणं कमी होतं, संपत नाही. दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं: नोरी, स्पिरुलिना असलेलं खाणं, मधूनमधून मायसिस. आणि टँक जुना हवा. खडकावर शेवाळाचा थर नसलेल्या नव्या, चकचकीत टँकमध्ये एंजल सोडणं म्हणजे गाय आणून सिमेंटच्या गच्चीवर चरायला सोडणं.

इथे एक गंमत सांगतो, कामाची आहे. चॉकलेट टँग नावाच्या सर्जनफिशची पिल्लं हुबेहूब ड्वार्फ एंजलसारखी दिसतात. काही ठिकाणी लेमनपीलसारखी पिवळी, तर काही ठिकाणी दुसऱ्या जातीच्या एंजलसारखी. मोठा झाला की हाच मासा २५ सेंटीमीटरचा होतो. त्यामुळे स्वस्तात लेमनपील मिळतोय म्हणून उडी मारण्याआधी गाल बघ. एंजलच्या कल्ल्याच्या झाकणाला खाली मागे वळलेला काटा असतो. टँगचा काटा शेपटीच्या बुडाशी असतो. मोबाइलवर झूम करून फोटो काढ, दिसतं.

बरं, कुणाचा टँक खरंच मोठा असेल, समज पाच-सहा फुटी, आणि दोन हवेच असतील तर? एकाच जातीचे घ्यायचे, एक स्पष्ट मोठा आणि एक स्पष्ट लहान. हे मासे आयुष्य मादी म्हणून सुरू करतात आणि त्यांच्यातला वरचढ नर होतो. आकारात ठळक फरक असला तर लहान मासा मादी राहून जोडी जमायची शक्यता वाढते. दोघे एकाच वेळी सोडायचे आणि टँकमधले शेवटचे मासे म्हणून सोडायचे. आधीच एक असेल तर दुसऱ्याला काही दिवस छिद्रांच्या पारदर्शक डब्यात त्याच टँकमध्ये ठेवायचं, खडकांची मांडणी बदलायची म्हणजे जुन्याची हद्द पुसली जाते. काचेला बाहेरून आरसा लावायची युक्तीही चालते. जुना मासा आरशातल्या स्वतःशी भांडत बसतो. आणि क्वारंटाइनमध्ये कॉपरचं औषध देणार असाल तर जपून. ड्वार्फ एंजल त्याला नाजूक असतात. टेस्ट किटशिवाय अंदाजाने थेंब टाकू नका, आणि कोरलच्या टँकमध्ये तर अजिबात नाही.

कोरलचा विषय निघालाच आहे तर हेही. भारतीय समुद्रातले दगडी कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. ‘लक्षद्वीपचा पीस आहे, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याकडून घेणं हा गुन्हा आहे. आयात केलेल्याचेही कागद मागा. कागद नाहीत म्हटलं तर बाहेर पडा.

आता पुन्हा आपल्या श्रोत्याकडे. दुकानदाराचं ‘बिनधास्त’ ऐकून कोरल ब्यूटी आणला आणि जमलं नाही, तर पुढे काय? रीफ टँकमधून एंजल जाळीने पकडता येत नाही. तो कपारीत शिरतो, आणि तुला दीड वर्षात जमलेले खडक, चिकटलेले कोरल, सगळं उपसावं लागतं. सापळ्याचा डबा लावला तर त्यात आधी क्लाउनफिश जाऊन बसतात. तोपर्यंत मार खाणारा मासा किती दिवस काढेल, सांगता येत नाही.

तुला हालचाल आणि रंगच हवाय ना? मग वाळूत राहणारा वॉचमन गोबी बघ, सोबत पिस्टल श्रिंप. दोघे एकाच बिळात राहतात, कोळंबी खणते आणि गोबी पहारा देतो. एंजलच्या कपारीशी त्यांचं काही देणंघेणं नाही. आणि तुझ्या फायरफिशवर एक डोळा ठेव. भित्रा मासा आहे, घाबरला की वर उडी मारतो. टँकवर जाळीचं झाकण नसेल तर ते या रविवारीच बसव.