ऑस्करसोबत कोणता मासा ठेवायचा? चुकीच्या जोडीचा हिशोब शेवटी उजनीत होतो

भिगवणच्या मासळी बाजारात गेलात तर कटला, रोहू, मरळ, चिलापी असे उजनीचे मासे दिसतात. पण उजनीच्या मच्छीमारांना एका माशाबद्दल विचारा, लगेच कपाळाला आठ्या पडतील. तो म्हणजे सकर. अंगावर हाडासारखे कडक खवले, परांना काटे. जाळ्यात अडकला की जाळं फाडूनच निघतो आणि बाजारात त्याला भाव नाही.

आता हा सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मग तो भीमेच्या पाण्यात काय करतोय?

भारतात तो आला शोभेचा मासा म्हणून. काचेवरचं शेवाळ खातो, टँक साफ ठेवतो असं सांगून दुकानात बोटाएवढा सकर विकला जातो. पण साधा सकर वाढून दीड फुटांच्या आसपास जातो. टँकमध्ये मावत नाही, मग कोणीतरी तो नदीत, तलावात नेऊन सोडतं. मारून टाकण्यापेक्षा सोडून दिलेला बरा, पुण्य लागेल, हा त्यामागचा विचार.

म्हणजे गडबड धरणावर सुरू होत नाही, ती दुकानात मासा निवडतानाच सुरू होते. बारामती असो नाहीतर इंदापूर, हल्ली रील्स बघून ऑस्कर, अरोवाना, फ्लॉवरहॉर्न असे मोठे आणि भांडखोर मासे पाळायची हौस अनेकांना आहे. हौसेला हरकत नाही, पण जोडी जमवताना काही गोष्टी बघाव्याच लागतात.

मासा आज केवढा आहे, ते बघू नका

दुकानातला ऑस्कर दोन इंचाचा असतो. नीट खायला मिळालं तर तो साधारण एका फुटाचा होतो. सिल्व्हर अरोवाना तीन फुटांपर्यंत जातो. लाल शेपटीचा कॅटफिश तर तीन फुटांच्याही पुढे. हा शेवटचा मासा घरातल्या टँकसाठी नाहीच.

टँकचं गणित सोपं आहे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि हजाराने भागा. १२० बाय ४५ बाय ४५ चा टँक म्हणजे २४३ लिटर. एवढ्यात एक ऑस्कर कसाबसा राहतो. दोन ऑस्कर आणि सोबतीला आणखी कोणी हवं असेल, तर १८० बाय ६० बाय ६०, म्हणजे जवळपास ६५० लिटरचा टँक लागतो. नुसत्या पाण्याचंच वजन ६५० किलो होतं, त्यामुळे स्टँड आणि खालची फरशी आधी बघून घ्या.

तोंडात मावेल तो खाऊ

शिकारी मासा शेजारी आणि जेवण यात फरक करत नाही. ऑस्करसोबत गप्पी, टेट्रा किंवा छोटे मासे सोडले, तर सकाळी ते गायब झालेले असतात. त्यामुळे सोबती हा साधारण त्याच्याच मापाचा हवा. सिल्व्हर डॉलर, टिनफॉइल बार्ब, बिचिर हे मासे मोठे झालेले असतील तर ऑस्करसोबत निभावतात. गोल्डफिश मात्र नको. तो थंड पाण्यातला, संथ मासा. मार खाण्याशिवाय त्याच्या वाट्याला काही येत नाही.

ज्याला शेजारीच नको, त्याला एकटं ठेवा

फ्लॉवरहॉर्न हा निसर्गात नसलेला, माणसाने संकर करून तयार केलेला मासा. तो पूर्ण टँक स्वतःच्या नावावर सातबारा असल्यासारखा वागतो. त्याला जोडीदार शोधत बसू नका, एकटाच ठेवा.

मजले वाटून द्या

अरोवाना वरच्या थरात फिरतो, ऑस्कर मधे, बिचिर तळाशी. थर वेगळे असले की समोरासमोर येणं कमी होतं. त्यामुळे ऑस्कर आणि अरोवानाची जोडी स्वभावाने चालू शकते, अडचण जागेची आहे. तीन फुटांच्या माशाला वळता येईल एवढा रुंद टँक आपल्या हॉलमध्ये बसत नाही. शिवाय अरोवाना उडी मारतो, झाकण घट्ट हवं.

आधी शांत, मग दादा

सगळ्यात भांडखोर मासा सगळ्यात शेवटी सोडा. आधी आलेला मासा जागेवर हक्क सांगतो. दादाला शेवटी आणलं की त्याला नवखं वाटतं आणि बाकीच्यांना सावरायला वेळ मिळतो. तेही टँकचं पाणी तयार झाल्यावरच. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी विषारी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. घाई केली तर भांडण व्हायच्या आधीच मासे मरतात.

खाऱ्या पाण्याचा टँक असेल तर?

नियम तेच, खर्च आणि काळजी जास्त. ट्रिगरफिश, ग्रूपर, लायनफिश हे तिथले दादा. त्यातही लायनफिशचे लांब पर ट्रिगर कुरतडतो, त्यामुळे ही जोडी टाळतात. शिवाय लायनफिशच्या काट्यांमध्ये विष असतं.

हा लायनफिश मूळचा आपल्या बाजूचा, हिंदी आणि प्रशांत महासागरातला. १९८५ मध्ये तो अमेरिकेत फ्लोरिडाच्या समुद्रात सापडला. टँकमधून सोडलेल्या माशांमुळे तो तिथे पोहोचला असं मानलं जातं. तिथे त्याला खाणारं फारसं कोणी नाही आणि एक मादी वर्षाला जवळपास वीस लाख अंडी घालते. आज कॅरिबियन समुद्रातले स्थानिक मासे तो फस्त करतोय. आपल्याकडे सकर, त्यांच्याकडे लायनफिश, गोष्ट एकच.

मग मावला नाही तर काय करायचं?

दुकानदाराला परत द्या, मोठा टँक असलेल्या दुसऱ्या हौशी माणसाला द्या, पण नदी, विहीर, शेततळं, कॅनॉल यात सोडू नका. पावसाळ्यात शेततळं भरून वाहिलं तर त्यातला मासा ओढ्याला लागतो आणि ओढा नदीला. उजनीची क्षमता ११७ टीएमसी आहे. एवढ्या पाण्यात एकदा पसरलेला मासा वेचून काढता येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी दुकानात गेलात की पैसे काढायच्या आधी दोन प्रश्न विचारा. पूर्ण वाढल्यावर हा केवढा होतो? आणि मोठा झाला तर तुम्ही परत घ्याल का? दुसऱ्या प्रश्नाला दुकानदार गप्प बसला, तर तो मासा दुकानातच राहू द्या. नाहीतर तुमच्या हौसेपायी फाटलेलं जाळं भिगवणमधला कोणीतरी शिवत बसेल.